संत्रापट्ट्यात गोगलगायपालन नको

खाण्याच्या गोगलगाई पाळणं हा फ्रान्स-इटलीतला जुना धंदा आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फुल्वियस लिप्पिनस या रोमन माणसाने त्यांच्यासाठी वेगळे वाडे केले होते, अशी नोंद प्लिनीने केली आहे. आज तिथल्या फार्मवर गेलं तर जाळीने बंदिस्त केलेले वाफे, त्यांत पालेभाजी, कवच घट्ट व्हावं म्हणून कॅल्शियमची भुकटी आणि विक्रीआधी पोट साफ व्हावं म्हणून काही दिवस उपाशी ठेवलेल्या गोगलगाई दिसतात. हे बघून आपल्या संत्रापट्ट्यातल्या, पांढुर्णा-सौंसरच्या एखाद्या शेतकऱ्याला वाटेल, पावसाळ्यात बांधावर फुकट मिळतात त्याच या, मग आपणही का पाळू नयेत? पण त्या एक नाहीत. युरोपातली पाळीव जात गोलसर, साधारण तीन सेंटिमीटरची. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं फस्त करणारी शंखी गोगलगाय निमुळती, तपकिरी पट्ट्यांची आणि कितीतरी मोठी. ती मूळची आफ्रिकेची. 1847 मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात माणसानेच आणून सोडली.

दुसरा समज उलट टोकाचा: शंखी विषारी असते. तसं नाही, नायजेरिया-घानात तिच्यासारख्या मोठ्या आफ्रिकी गोगलगाई आवडीने खातात. धोका वेगळा आहे. उंदराच्या विष्ठेतून तिच्या शरीरात एक सूक्ष्म कृमी शिरतो आणि कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या गोगलगाईतून तो माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. पूर्ण शिजवल्यावर कृमी मरतो, पण शेतात टाकलेल्या विषारी आमिषाचा अंश शिजवून जात नाही. म्हणून बांधावरून वेचलेली गोगलगाय ताटात नको आणि ती उचलतानाही हातात मोजे हवेत.

यावर एक आक्षेप रास्त वाटतो. खाण्याजोगी आहे, तर बाजार मिळवून द्या, कीडही संपेल आणि पैसाही येईल. अनुभव नेमका विरुद्ध आहे. 1980 च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतली एक पाणगोगलगाय तैवानात खाण्यासाठी आणली. लोकांना चव रुचली नाही, भाव पडले, आणि सुटलेल्या-सोडलेल्या गोगलगाई फिलिपिन्सपर्यंतच्या भातखाचरांची कायमची कीड झाल्या. मायामीत 1966 मध्ये एका मुलाने हवाईहून तीन शंखी आणल्या आणि त्याच्या आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत 18,000 हून अधिक सापडल्या. त्या संपवायला दहा लाख डॉलरहून जास्त खर्च झाला. कारण सरळ आहे. प्रत्येक शंखीत नर-मादी दोन्ही अवयव असतात, एका समागमातलं बीज ती महिनोन्महिने साठवते आणि एका वेळी शेकडो अंडी मातीत घालते. किडीला भाव आला की ती संपवण्यापेक्षा राखण्यात फायदा दिसू लागतो.

'बंद शेडमध्ये ठेवू' हे उत्तरही इथे टिकत नाही. युरोपातल्या जातीला गारवा आणि सतत दमट हवा लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं झाडावर असतात आणि विहिरीचं पाणी त्यांनाच पुरवायचं असतं. तेव्हा शेडवर दिवसभर फवारे कोण चालवणार? त्याहून मोठी अडचण आपल्या बागायतीच्या पद्धतीतच आहे. संत्र्याची कलमं मातीच्या पिशवीतून शेंदूरजना घाट, वरुडकडून मध्य प्रदेशात आणि इकडून तिकडे जातात. साबुदाण्याएवढी पिवळसर पांढरी अंडी त्या मातीत सहज प्रवास करतात. एका फार्ममधून निसटलेली गोगलगाय एका गावापुरती राहणार नाही.

तेव्हा फार्म बघायला जरूर जा, पण तिथून जिवंत गोगलगाय किंवा अंडी आणू नका. नवी कलमं घेताना पिशवीची माती उकरून पाहा. बागेत शंखी दिसल्या तर गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी अंथरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करून साबणाच्या पाण्यात बुडवा. मीठ मात्र बागेत टाकू नका. त्याने जमीन खराब होते.