ओट्यासमोरचे ४२ इंच

स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं, हॉलकडची भिंत पाडायचीही मनाची तयारी झाली, की डिझायनरच्या लॅपटॉपवर दोन चित्रं उघडतात. एकात ओट्यासमोर, चारही बाजूंनी मोकळा उभा असलेला कट्टा दिसतो. हे आयलंड. दुसऱ्यात तसाच कट्टा, पण त्याचं एक टोक भिंतीला किंवा ओट्याला चिकटलेलं. ही पेनिन्सुला; मॉड्यूलर किचनवाले तिला बऱ्याचदा नुसतं ‘ब्रेकफास्ट काउंटर’ म्हणून मोकळे होतात. चित्रात आयलंड हमखास जिंकतं, कारण चित्रात सांडपाण्याचा पाइप नसतो आणि खालच्या मजल्यावर कोणी राहत नसतं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हा निर्णय आवडीवर सोडायचा नसतो. टेपने मोजायला घेतलं की तो निम्मा तरी आपोआप होतो.

मोजायचं ते कट्ट्याला नव्हे, त्याच्या भोवतीच्या वाटेला. अमेरिकेतल्या नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनची मापं जगभरचे डिझायनर वापरतात आणि ती आपल्याकडेही लागू पडतात, कारण माणसाचा देह सगळीकडे साधारण तेवढीच जागा अडवतो. ओटा आणि समोरचा कट्टा यांच्यात एकटं माणूस काम करणार असेल तर किमान ४२ इंच हवेत, दोघं असतील तर ४८. नुसती जाण्या-येण्याची वाट ३६ इंचांची. कट्ट्यापाशी कोणी स्टुलावर बसलं असेल आणि त्याच्या पाठीमागून चालत जायचं असेल, तर कट्ट्याच्या कडेपासून ४४ इंच. ४२ हा आकडा उदार वाटतो, पण ओट्याखालचा ड्रॉवर पूर्ण उघडला की त्यातले वीसेक इंच तोच खातो. उरलेल्या जागेत उभं राहून वाकायचं आणि तळातली कढई काढायची असते.

आता बेरीज. ओट्याची खोली २४ इंच, पुढे ४२ ची वाट, मग आयलंड. ते ३६ इंच रुंद धरलं आणि पलीकडे भिंत असेल तर ३६ इंचांची आणखी एक वाट. झाले १३८ इंच, म्हणजे साडेअकरा फूट. आयलंड अगदी अंग चोरून २४ इंचांचं केलं तरी साडेदहा फूट लागतात. पलीकडे स्टुलं मांडून मागे वाट ठेवायची तर बारा फुटांच्याही वर. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्वतंत्र जेवणाची जागा असलेल्या घरात स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि किमान १.८ मीटर रुंद असावं, एवढीच अपेक्षा आहे. १.८ मीटर म्हणजे सहा फुटांहून जेमतेम कमी. बिल्डर त्याहून थोडं अधिक देतात, पण साडेअकरा फूट फारच क्वचित. म्हणजे फ्लॅटमध्ये आयलंड हवं असेल तर भिंत जाणारच, आणि त्याची एक बाजू डायनिंगच्या जागेवर उभी राहणार.

नेहमी भेटणारं एक उदाहरण घेऊ. दहा फूट लांब, आठ फूट रुंद स्वयंपाकघर. खिडकीच्या भिंतीला सरळ ओटा. समोरची भिंत पाडून टाकली, तिच्यापलीकडे डायनिंग. रुंदीचे ९६ इंच आहेत. ओट्याचे २४ आणि वाटेचे ४२ गेले की ३० इंच रुंदीचं आयलंड जुन्या भिंतीच्या रेषेपर्यंत नीट बसतं. पलीकडची वाट डायनिंगमधून घेतली. रुंदी जमली. लांबीत मात्र गोची होते. १२० इंचांतून दोन्ही टोकांना ३६-३६ सोडले की उरतात ४८. म्हणजे चार फुटांचं आयलंड. तेच एका बाजूच्या भिंतीला टेकवा, म्हणजे पेनिन्सुला करा: एकच वाट सोडावी लागते आणि कट्टा सात फुटांचा होतो. शिवाय ओटा आणि कट्टा यांच्यामधली कडेची भिंत रिकामीच असते, तिथेही ओटा फिरवून यू आकार करता येतो. चार फुटांच्या आयलंडवर परात, पोळपाट आणि भाजीची चाळणी ठेवली की पाण्याचा तांब्या ठेवायला जागा शोधावी लागते. सात फुटांवर तीन माणसं शेजारी शेजारी बसून जेवू शकतात, कारण एकाला साधारण २४ इंच पुरतात.

हे सगळं भिंत पाडता येते असं धरून. ती येते का, हे डिझायनरला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं. जुन्या आरसीसी इमारतीत खोल्यांमधली चार-पाच इंची विटांची भिंत बहुधा नुसती आडोशाची असते. इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची परवानगी घेऊन ती काढता येते. पण गेल्या काही वर्षांत बांधलेले अनेक टॉवर ‘मायवान’ पद्धतीचे आहेत. ॲल्युमिनियमच्या साच्यात स्लॅब आणि भिंती एकत्र काँक्रीटने ओतलेल्या असतात आणि इमारतीचा भार त्याच भिंती पेलतात. त्यांना हात लावायचा नाही. अशा घरात आयलंड की पेनिन्सुला हा प्रश्नच उरत नाही. फार तर ओट्याला काटकोनात एक आखूड बाहू काढता येतो.

मग येतं पाणी. अमेरिकेत आयलंडचा एवढा सुकाळ का, याचं एक कारण पायाखाली आहे. तिथली पुष्कळ घरं लाकडी तुळयांवर उभी असतात आणि खाली घराचंच तळघर असतं. आयलंडवर सिंक हवं असेल तर प्लंबर तळघरात उभा राहून तुळयांमधून पाइप नेतो. आपल्याकडे तुळयांच्या जागी काँक्रीटचा स्लॅब आणि तळघराच्या जागी खालच्या मजल्यावरचे जोशी. बाथरूमचा स्लॅब पाइपांसाठी खाली घेतलेला असतो, स्वयंपाकघराचा सहसा नसतो; ओट्यावरच्या सिंकचं पाणी सरळ बाहेरच्या भिंतीतून डक्टमध्ये उतरतं.

आयलंडवरच्या सिंकचं पाणी त्या भिंतीपर्यंत न्यायचं म्हणजे जमिनीतून न्यायचं. अंतर समजा दोन मीटर. पाइपाला चाळीसाला एक असा उतार दिला तर दोन मीटरमध्ये तो ५० मिलिमीटर खाली जातो. पाइपाची स्वतःची जाडी ५० मिलिमीटर. झाले चार इंच, वरून मसाला आणि टाइल वेगळी. स्लॅबवर मुळात टाइल बसवायला मिळतात दोन-तीन इंच. म्हणजे एक तर सगळं स्वयंपाकघर पायरीभर उचलायचं, नाहीतर स्लॅबला भोक पाडून पाइप जोश्यांच्या छताखालून न्यायचा. दुसरा उपाय करू नये. पहिल्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पायात कायमची एक ठेच येते. पेनिन्सुलावर सिंक घेतलं तर पाइपाला ओट्याच्या कपाटांच्या मागून, जमिनीच्या वरून जाता येतं, आणि कुठे गळलं तर कपाट उघडून बघता येतं. माझं मत विचाराल तर फ्लॅटमधलं आयलंड कोरडंच ठेवावं. त्यावर ना सिंक, ना शेगडी.

शेगडीचं दुखणं पाइपापेक्षा धुराचं जास्त आहे. सिलिंडरची नळी दीड मीटरहून लांब वापरायची नसते, ती दर पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिचा सगळा भाग डोळ्यांना दिसला पाहिजे. सिलिंडर आयलंडच्याच कपाटात कोंबायचा नसेल, तर पाइप गॅस हवा, आणि तो गॅस कंपनीच्या माणसाकडूनच फिरवून घ्यायला हवा. हे जमतं. पण भिंतीजवळच्या शेगडीचा धूर भिंतीच्या आधाराने वर चढतो. मधल्या शेगडीचा धूर पंख्याच्या झुळकीनेही चारी बाजूंना फुटतो. म्हणून चिमण्यांच्या जाणकारांचा हिशेब असा की भिंतीवरच्या चिमणीला लागते त्याच्या दीडपट हवा मधल्या चिमणीने ओढली पाहिजे आणि ती शेगडीपेक्षा दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच रुंद हवी. ती छतातून लोंबणार, तिचा डक्ट फॉल्स सीलिंगमधून खिडकीकडे जाणार आणि वाटेत बीम येणार. सुक्या खोबऱ्याचं वाटण भाजताना किंवा ठेच्यासाठी मिरच्या परतताना हॉलमध्ये बसलेल्यांना या गणिताचा प्रत्यय येतो. पेनिन्सुलावर शेगडी घेतली तरी तीच अडचण. फोडणीही उडते, म्हणून शेगडीमागे निदान नऊ इंच कट्टा मोकळा सोडतात. शेगडी भिंतीलाच राहू द्या. ज्या घरात पूर्वेकडे तोंड करून स्वयंपाक व्हावा असा आग्रह आहे, तिथे तर तिची जागा आधीच ठरलेली असते आणि बाकीचं सगळं तिच्याभोवती बसवावं लागतं.

आता कामाकडे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात घरबांधणीच्या अभ्यासकांनी सिंक, शेगडी आणि फ्रिज यांना जोडणारा त्रिकोण मांडला. त्याच्या तिन्ही बाजूंची बेरीज २६ फुटांपेक्षा जास्त नको, असं आजही सांगतात. आपल्या स्वयंपाकघरात २६ फूट होणं अवघडच; आपला त्रास वेगळा असतो, तो म्हणजे या त्रिकोणाच्या वाटेतच आयलंड येतं. फ्रिजकडून शेगडीकडे जाताना दिवसातून वीसदा त्याला वळसा घालावा लागला, तर ते कितीही देखणं असलं तरी अडगळ आहे.

आणि त्या त्रिकोणात पोळ्या नाहीत. पोळ्या म्हणजे लाटणं आणि भाजणं, दोन्ही एकाच वेळी. हात पोळपाटावर आणि नजर तव्यावर. मागच्या आयलंडवर लाटायचं ठरवलं तर प्रत्येक पोळीला पूर्ण पाठ फिरवावी लागते, तेवढ्यात तव्यावरची करपते. यू आकारातल्या पेनिन्सुलावर, शेगडी कडेच्या ओट्यावर कोपऱ्याजवळ असेल, तर नुसतं काटकोनात वळलं की पुरतं. शिवाय कट्ट्याचा तेवढा भाग ओट्यापेक्षा दोन इंच खाली घेता येतो. कणीक मळायला पृष्ठभाग हाताच्या कोपरापेक्षा सहा-सात इंच खाली असला की खांद्यांनी नाही, अंगाच्या वजनाने मळता येतं.

आयलंडची खरी किंमत कळते ती गणपतीच्या दिवशी आणि दिवाळीच्या फराळाला. एक पारी करतंय, एक सारण भरतंय, एक कळ्या पाडतंय, आणि चौथं काही न करता गप्पा मारतंय. सगळी एका कट्ट्याभोवती. चारही बाजूंनी हात पोचतात, हे पेनिन्सुलाला तितकं जमत नाही. ज्या घरात माणसं स्वयंपाकघरात जमतात आणि जागा बारा फुटांच्या वर आहे, त्यांनी आयलंड जरूर करावं. जागा कमी असूनही मन ऐकत नसेल तर चाकांचा, लॉक होणारा लाकडी कट्टा करून घ्यावा. फराळाला मधे, एरवी भिंतीला.

पेनिन्सुलाचेही दोष आहेत, आणि त्यांतला मोठा दाराचा आहे. तिला आत जायची वाट एकच. पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातून ड्राय बाल्कनी निघते. वॉशिंग मशीन तिथे, भांडी घासायची मोरी तिथे, कपडे वाळत घालायचे तिथे. म्हणजे मावशी, बादली आणि धुण्याचा ढीग हे सगळं स्वयंपाकघरातून जातं. ड्राय बाल्कनीचं दार जिथे आहे त्याच बाजूला पेनिन्सुलाची वाट ठेवली तर ही रहदारी कडेने निघून जाते. विरुद्ध बाजूला ठेवली तर ती स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीला घासून रोज जाणार. फ्रिज त्याच वाटेच्या तोंडाशी ठेवा, म्हणजे पाण्याच्या बाटलीसाठी कोणाला आत शिरावं लागत नाही. रांगतं मूल असलेल्या घरात मात्र एकच वाट हा गुण ठरतो; एक बुटकं फाटक लावलं की झालं.

दुसरा दोष कोपऱ्याचा. दोन कट्टे काटकोनात भेटतात तिथे खाली दोन फूट बाय दोन फुटांचा अंधार तयार होतो आणि वर्षातून एकदा लागणारी भांडी त्यात गडप होतात. फिरत्या जाळ्या मिळतात, महाग असतात, आणि चौकोनी जागेत गोल फिरत असल्यामुळे कोपरे वायाच जातात. यापेक्षा सोपं म्हणजे त्या कोपऱ्याचं कपाट डायनिंगच्या बाजूने उघडायचं. पाहुण्यांची ताटं तिथे. कोपऱ्याला लागून ड्रॉवर असतील तर दोन्हीकडे दोन-तीन इंचांची पट्टी सोडायला सांगा, नाहीतर एकाचं हँडल दुसऱ्याला अडतं आणि हे फर्निचर बसल्यावरच लक्षात येतं. डिशवॉशर कोपऱ्यात घेतला तर त्याच्या शेजारी उभं राहायला निदान २१ इंच हवेत.

विजेचं काम टाइलच्या आधीचं. आयलंडला जमिनीतून पाइप टाकून ठेवावा लागतो, नंतर सुचून उपयोग नाही. पेनिन्सुलाला भिंतीतूनच वायर मिळते. सॉकेट कट्ट्याच्या कडेला, खाली लावायची आपल्याकडे सवय आहे. अमेरिकेच्या विद्युत संहितेने २०२३ च्या आवृत्तीत आयलंड आणि पेनिन्सुलाच्या पृष्ठभागाखालची अशी सॉकेट बंद केली, कारण लोंबणारी वायर लहान मुलं ओढतात आणि तापलेलं भांडं अंगावर येतं. आपल्याकडे सक्ती नसली तरी मुलं तशीच आहेत. मिक्सर आणि इंडक्शनसाठी सॉकेट कट्ट्याच्या वर घ्या. पेनिन्सुलाच्या टोकाची भिंत त्यासाठी आयतीच असते.

दगड निवडताना एवढंच पाहायचं की गुडघे जायला कट्टा किती बाहेर काढायचा आहे. ३६ इंच उंच कट्ट्याला १५ इंच लागतात. आपल्याकडचा ग्रॅनाइट १८-२० मिलिमीटरचा असतो. तो आधाराशिवाय इतका पुढे काढला तर कधीतरी कोणी त्यावर टेकून बसेल आणि तो तडकेल. खाली लोखंडी ब्रॅकेट आधीच बसवून घ्या. स्टुलं सगळ्यात शेवटी. बसण्याची जागा आणि कट्ट्याची खालची कड यांच्यात १० ते १२ इंच हवेत, म्हणजे ३४ इंचांच्या कट्ट्याला २२-२३ इंचांचं स्टूल. दुकानात मांडलेली ३० इंची बार स्टुलं या कट्ट्याशी आणली तर मांड्या दगडाला लागतील.