चोवीसांतले चार

ओसाकाच्या रुग्णालयात १९८७ साली शिन्या यामानाका नावाचा तरुण डॉक्टर अस्थिरोगशास्त्राचे धडे गिरवू लागला. ज्युदो आणि रग्बी खेळताना त्याची स्वतःची हाडे अनेकदा मोडली होती, म्हणून त्याने ही शाखा निवडली. पण शस्त्रक्रियेत त्याचा हात बसेना. सराईत सर्जन पटकन उरकतो त्या कामाला त्याला बराच वेळ लागे. घरी वडील यकृताच्या आजाराने खंगत चालले होते. शिलाई यंत्रांचे सुटे भाग बनवणारा त्यांचा छोटा कारखाना होता. त्या आजारातच ते गेले; त्यामागचा हेपेटायटिस सी विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. काही रुग्ण शस्त्रक्रियेने नव्हे, संशोधनानेच बरे होतील, हे त्याच्या मनाने घेतले.

१९९३ मध्ये यामानाका सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत गेले. एक जनुक उंदरांचे कोलेस्टेरॉल कमी करील अशी तिथे अपेक्षा होती. उंदरांना यकृताचा कर्करोग झाला. त्याचे कारण शोधता शोधता ते भ्रूणाच्या मूलपेशींपर्यंत, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशींपर्यंत, पोहोचले. १९९६ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा उंदरांचे पिंजरे साफ करण्यापासून सारे त्यांनाच करावे लागे. 'माणसाच्या उपयोगाचे काहीतरी करा,' असे सहकारी सुचवत. संशोधन सोडून पुन्हा दवाखान्यात जाण्याच्या विचारापर्यंत ते आले होते. १९९९च्या अखेरीस नारा येथील विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेने स्वतंत्र प्रयोगशाळा दिली आणि ते सावरले.

त्वचेची पेशी एकदा त्वचेची झाली की मागे फिरत नाही, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. त्याला धक्का बसला नव्हता असे नाही. इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी बेडकाच्या आतड्याच्या पेशीचे केंद्रक अंड्यात घालून बेडूकमासे वाढवले होते. तो निबंध १९६२चा, म्हणजे यामानाकांच्या जन्मवर्षाचा. पुढे क्लोन केलेली डॉली मेंढीही आली. पण दोन्हीकडे अंडे लागत होते. अंड्याशिवाय, केवळ जनुकांच्या जोरावर पेशीला मागे नेता येईल का, हा यामानाकांचा प्रश्न होता.

त्यांनी २४ जनुके निवडली. काझुतोशी ताकाहाशी या विद्यार्थ्याने ती विषाणूंमार्फत उंदराच्या पेशींत सोडली. एकेक जनुक घालून काहीच झाले नाही. चोवीसही एकत्र घातली तेव्हा बशीत भ्रूणपेशींसारखे पुंजके दिसले. मग मूळचा अभियांत्रिकीचा असलेल्या ताकाहाशीने उलटा मार्ग सुचवला: दर खेपेला एक जनुक वगळायचे आणि कोणावाचून अडते ते पाहायचे. माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत सुंदर क्षण हाच. शेवटी चार उरली: ऑक्ट-३/४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. २००६ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला, पुढच्याच वर्षी मानवी पेशींवरही हे जमले. अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या गटानेही त्याच सुमारास वेगळ्या चौकडीने तेच साधले. मूलपेशींसाठी मानवी भ्रूण मोडावे लागत आणि त्यावरून वाद पेटला होता; आता त्याला पर्याय मिळाला होता.

२०१२ मध्ये गर्डन आणि यामानाका यांना नोबेल जाहीर झाले. स्टॉकहोमचा फोन आला तेव्हा यामानाका घरी कपडे धुण्याचे यंत्र दुरुस्त करत होते.

या तंत्राचा पुढचा प्रवास मात्र संथ आहे, आणि तो संथच हवा. त्या चार जनुकांतल्या सी-मिकचे कर्करोगाशी नाते आहे. कोबे येथे २०१४ मध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरीतल्या एका महिलेच्या डोळ्यात तिच्याच पेशी अशा मागे नेऊन त्यांपासून घडवलेला पेशींचा पातळ थर बसवला. दृष्टी सुधारली नाही, पण ढासळणे थांबले. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळताच काम थांबवण्यात आले. क्योटोत २०१८ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांवर चाचणी सुरू झाली. २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष आले: सात रुग्ण, गंभीर दुष्परिणाम नाही, तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचालींत सुधारणा.

जगातली उत्तम प्रयोगशाळा इतक्या जपून पावले टाकत असताना आपल्याकडे मात्र गुडघ्यापासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर मूलपेशींचा इलाज विकला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांतील रक्तमूलपेशी-प्रत्यारोपणासारखे मोजके मान्य उपचार वगळता मूलपेशींचा वापर हे संशोधनच आहे, आणि चाचणीत सामील होणाऱ्या रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. म्हणून घरातल्या कोणासाठी असा इलाज कुणी सुचवला, तर त्याची चाचणी कुठे नोंदली आहे ते आधी विचारा. उत्तराऐवजी खर्चाचा आकडा पुढे आला, तर तिथून सरळ उठून या.