चीन मंदावला की आपला फायदा?

चीनमध्ये घरबांधणी ठप्प झाली, तिथल्या तरुणांना नोकऱ्या मिळेनाशा झाल्या, अशी बातमी आली की नाशिकच्या सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीपासून कॉलेज रोडच्या कट्ट्यांपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: ‘बरं झालं, आता तिकडचे कारखाने इकडे येतील.’ 2015 मध्ये चीननं युआनचं अवमूल्यन केलं तेव्हा हेच म्हटलं गेलं. 2021 मध्ये एव्हरग्रँड ही तिथली अवाढव्य बांधकाम कंपनी कर्जफेड चुकली तेव्हाही हेच. वाक्य सोपं आहे, कानाला गोड आहे, आणि चूक आहे. शेजारच्या दुकानाचं शटर खाली आलं की गिऱ्हाईक आपल्याकडे वळतं, हा गल्लीतला हिशेब एवढ्या मोठ्या अर्थव्यवस्थेला लावला की असा घोळ होतो. मुळात इथे शटर खाली आलेलंच नाही.

आधी आकार बघू. 2010 मध्ये चीनची अर्थव्यवस्था 10.6 टक्क्यांनी वाढली, 2024 मध्ये 5 टक्क्यांनी. वेग निम्म्याहून खाली आला, हे खरं. पण 2010 मध्ये ती अर्थव्यवस्था सुमारे 6 लाख कोटी डॉलरची होती, 2024 मध्ये ती पावणेएकोणीस लाख कोटी डॉलरच्या घरात गेली. एवढ्या पसाऱ्याची 5 टक्के वाढ म्हणजे ढोबळ मानानं 90 हजार कोटी डॉलरची भर. भारताची सगळी अर्थव्यवस्था 2024 मध्ये 3.9 लाख कोटी डॉलरच्या आसपास होती. म्हणजे ज्याला आपण ‘थकलेला चीन’ म्हणतो, तो एका वर्षात आपल्या पाव हिश्शाच्या जवळ जाईल इतकी भर घालतो. वाढ मंदावणं आणि अर्थव्यवस्था आक्रसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रांचे मथळे दोन्हींना ‘मंदी’ म्हणून मोकळे होतात.

मग तिथे नेमकं थांबलं काय? घरं थांबली. सामान्य चिनी कुटुंबाची बहुतेक पुंजी घरात अडकलेली. किमती उतरल्या तसं लोकांनी हात आखडता घेतला. एव्हरग्रँडवर 30 हजार कोटी डॉलरहून अधिक देणी होती आणि जानेवारी 2024 मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयानं तिच्या दिवाळखोरीवर शिक्कामोर्तब करून ती गुंडाळण्याचा आदेश दिला. पण कारखाने थांबले नाहीत. रोजगार आणि कर त्यांच्यावर अवलंबून असल्यामुळे स्थानिक सरकारं ते बंद पडू देत नाहीत, आणि बांधकामाकडे जाणारं बँकांचं कर्ज कारखानदारीकडे वळवलं गेलं. जगातलं निम्म्याहून जास्त पोलाद चीन बनवतो, वर्षाला 100 कोटी टनांच्या आसपास. टॉवर उभे राहायचे थांबले तरी भट्ट्या पेटलेल्याच होत्या. त्या मालानं बंदराची वाट धरली. 2024 मध्ये चीननं सुमारे 11 कोटी टन पोलाद बाहेर पाठवलं. 2015 नंतरचा हा तोवरचा सर्वांत मोठा आकडा, आणि 2015 हेही चीन मंदावल्याचंच वर्ष होतं. त्याच 2024 मध्ये चीनची निर्यात आयातीपेक्षा सुमारे 99 हजार कोटी डॉलरनं जास्त भरली, तोवरचा विक्रम. मंदावलेला चीन खरेदी कमी करतो, विक्री नाही. उलट घरात न खपलेला माल तो पडेल भावानं जगाच्या दारात आणून ओततो.

यावर शंका असेल तर आपल्याच वाणिज्य मंत्रालयाचे आकडे पाहावेत. 2023-24 मध्ये भारतानं चीनला सुमारे 1,667 कोटी डॉलरचा माल विकला, 2024-25 मध्ये तो 1,425 कोटींवर घसरला. त्याच काळात चीनकडून आलेला माल सुमारे 10,170 कोटी डॉलरवरून 11,350 कोटींवर गेला. तूट 9,900 कोटींच्या पुढे गेली. चीन मंदावल्यानं आपला फायदा होत असता, तर हे आकडे नेमके उलटे दिसायला हवे होते.

‘पण स्वस्त पोलाद आलं तर नाशिकच्या लघुउद्योगाला बरंच की,’ असा प्रश्न लगेच येतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याच्या खोलात जाऊ. अंबडमधला पत्र्याचे पार्ट काढून मोठ्या वाहन कंपनीच्या पुरवठादाराला देणारा छोटा प्रेस शॉप घ्या. त्याचा दर दोन भागांत ठरतो: पत्र्याची किंमत आणि जॉबवर्कची मजुरी. पत्र्याच्या भावातला फरक साधारण दर तिमाहीला जुळवला जातो. भाव उतरला की उतरलेला दर वरची कंपनी कापून घेते, मजुरी आहे तिथेच राहते. शेडमध्ये महिनाभराची जुन्या भावाची कॉइल पडून असेल, तर तो फरक मालकाच्या खिशातून जातो. याच काळात चीनहून नुसता पत्रा येत नाही, बोल्ट, कास्टिंग आणि हत्यारं असा तयार मालही येतो, आणि तो थेट याच शेडच्या पोटावर पाय आणतो. 2023-24 आणि 2024-25 ही दोन्ही वर्षं भारत तयार पोलादाचा निव्वळ आयातदार ठरला. एप्रिल 2025 मध्ये केंद्राला काही सपाट पोलादावर 200 दिवसांसाठी 12 टक्के तात्पुरतं संरक्षक शुल्क लावावं लागलं. पोलाद कंपन्यांच्या दृष्टीनं ते गरजेचं होतं, पण त्यानं पत्रा पुन्हा महागला, आणि तयार बोल्टवर मात्र हे शुल्क लागलं नाही. लहान कारखानदार दोन्ही बाजूंनी भरडला जातो. ज्याला आपण फायद्याचा धनी समजतो, त्याच्या वहीत जमेच्या बाजूला फारसं काही उरत नाही.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मालेगाव-नांदगावच्या कपाशीनं आणि पलीकडच्या खानदेशानं हे आधीच भोगलं आहे. 2011-12 मध्ये भारतातून कापसाच्या सुमारे 129 लाख गाठी बाहेर गेल्या आणि त्यातला मोठा वाटा एकट्या चीननं उचलला. तिथलं सरकार साठा करत होतं. 2014 मध्ये त्यांनी ते धोरण बदललं, तिथल्या गिरण्यांची मागणीही मंदावली, आणि आपली निर्यात दोन-तीन वर्षांत निम्म्याहून खाली आली. 2014-15 च्या हंगामात भाव 4,050 रुपयांच्या हमीभावाखाली घसरले आणि कापूस महामंडळाला बाजारात उतरावं लागलं. चीनमध्ये काय चाललंय याच्याशी शेतकऱ्याला काय देणंघेणं, असं विचारणाऱ्यांनी त्या वर्षीच्या खरेदी केंद्रांसमोरच्या ट्रॅक्टरांच्या रांगा आठवाव्यात. यंत्रमागवाल्यांनाही यातून सुटका नाही. चीननं सूत घेणं कमी केलं की इथे सूत स्वस्त होतं खरं, पण तिकडचं तयार कापडही इकडे येतं. मार्च 2024 मध्ये कृत्रिम धाग्याच्या काही निटेड कापडांवर किलोला 3.5 डॉलर ही किमान आयात किंमत ठरवावी लागली. मालेगावचं ग्रे कापड वेगळं, पण स्वस्त कपडा शोधणारं गिऱ्हाईक तेच.

गोव्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तिथलं कमी प्रतीचं लोहखनिज प्रामुख्यानं चीनच घेत असे. 2011 मध्ये जागतिक भाव टनाला 190 डॉलरच्या जवळ होता. 2012 मध्ये गैरप्रकारांमुळे खाणी बंद झाल्या. न्यायालयाच्या परवानगीनंतर 2015 मध्ये काम पुन्हा सुरू झालं, तोवर चीनची भूक मंदावली होती आणि त्या डिसेंबरात भाव 40 डॉलरच्याही खाली होता. परवानगी होती, खनिज होतं, घेणारा नव्हता. खाणींचंच कशाला, मुंबईच्या टाटा मोटर्सनं ऑक्टोबर ते डिसेंबर 2018 या तिमाहीत जवळपास 27 हजार कोटी रुपयांचा तोटा दाखवला. जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेचं मूल्य कमी करावं लागलं, आणि त्यामागचं एक ठळक कारण होतं चीनमध्ये गडगडलेली गाड्यांची विक्री.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा: तेल. चीन मंदावला की तेल उतरतं आणि आपला आयातखर्च वाचतो. हे खरं आहे. आपल्या कच्च्या तेलाची सरासरी किंमत 2014-15 मध्ये पिंपाला 84 डॉलर होती, ती 2015-16 मध्ये 46 वर आली. त्यामागे अमेरिकेचं वाढलेलं उत्पादनही होतं, पण चीनचा वाटा नाकारता येत नाही. मात्र याच वर्षात भारताची मालनिर्यात 31 हजार कोटी डॉलरवरून 26 हजार कोटींच्या आसपास आली. तेल उतरल्यानं आखाती देशांचं उत्पन्न घटलं, आणि जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार 2016 मध्ये परदेशातून भारतात येणारा पैसा सुमारे 9 टक्क्यांनी कमी झाला. पंपावरच्या दराचं म्हणाल, तर नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या काळात उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढलं. वाचलेल्या पैशाचा मोठा भाग सरकारी तिजोरीत गेला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा अंदाज असा की चीनची वाढ एका टक्क्यानं हलली तर उर्वरित आशियाई देशांची वाढ सरासरी 0.3 टक्क्यानं त्याच दिशेनं हलते. त्याच दिशेनं, हे शब्द महत्त्वाचे.

राहता राहिले ते ‘इकडे येणारे कारखाने’. चीनमधून काही उत्पादन हललं, हे नाकारायचं कारण नाही. पण ते हललं 2018 पासूनच्या अमेरिकी आयातशुल्कामुळे, कोविडच्या धड्यामुळे, तिथल्या वाढत्या मजुरीमुळे. गेलं ते बहुतांशी व्हिएतनाम आणि मेक्सिकोला; आपल्याकडे आलं ते मोबाइलचं काम मुख्यतः तामिळनाडू, कर्नाटकात. मागणी मंदावलेला कारखानदार आधी भाव पाडतो. सातासमुद्रापार शेड बांधायला तो निघत नाही. नाशिकला उद्योग हवे असतील तर ते वीजदर, जागा, पाणी, विमानसेवा आणि कुशल कामगार यांच्या जोरावरच येतील. बीजिंगच्या दुखण्यावर आशा लावून बसण्यात वेळ वाया जातो, आणि त्याचाच खरा संताप आहे.

किरकोळ गैरसमज थोडक्यात. ‘शेअर बाजार कोसळला म्हणजे अर्थव्यवस्था कोसळली’: 24 ऑगस्ट 2015 रोजी चीनच्या धास्तीनं सेन्सेक्स 1,600 हून अधिक अंकांनी पडला, आणि त्या आर्थिक वर्षात भारताची वाढ 8 टक्के नोंदली गेली. ‘चिनी मालावर बहिष्कार घातला की प्रश्न मिटला’: आपल्या औषध कारखान्यांच्या आयात कच्च्या मालापैकी दोन तृतीयांशांच्या आसपास चीनमधून येतो, तो रातोरात दुसरीकडून आणता येत नाही.

आणि शेवटचा, आपल्या जिल्ह्यात सर्रास ऐकू येणारा: ‘कांदा पडला, जगातच मंदी आहे.’ ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. त्या डिसेंबरात निर्यातबंदी आली आणि ती 4 मे 2024 पर्यंत राहिली. तेव्हा मलेशियापासून बांगलादेशापर्यंत गिऱ्हाईक होतं. आपण माल दिला नाही म्हणून ते पाकिस्तान, इजिप्त आणि चीनकडे गेलं. तो भाव जागतिक मंदीनं पाडलेला नाही. तो निर्णय दिल्लीचा होता आणि त्याचा जाब दिल्लीलाच विचारला पाहिजे.