कर्नल नवा, नेट गायब

लिनक्सचा कर्नल अपडेट होतो, संगणक पुन्हा सुरू होतो आणि कोपऱ्यातले वाय-फायचे चिन्हच दिसत नाही. राउटरचे दिवे लुकलुकत असतात, घरातले मोबाइल त्याच राउटरवर व्यवस्थित चालत असतात. मग कार्ड जळाले असे वाटते. बहुतेकदा तसे नसते.

नेटवर्क कार्डाकडून काम करून घेणारा कर्नलचा भाग म्हणजे ड्रायव्हर. लिनक्समध्ये तो बहुधा मॉड्यूल म्हणून वेगळ्या फायलीत असतो आणि प्रत्येक कर्नलच्या मॉड्यूलांचे फोल्डर निराळे. जुन्याचे मॉड्यूल नव्याला सहसा चालत नाही. कर्नलसोबत येणारे ड्रायव्हर यातून आपसूक सुटतात. अडतात ते बाहेरून बसवलेले, उदाहरणार्थ ब्रॉडकॉमच्या काही वाय-फाय चिपांचे. ते नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करावे लागतात. डीकेएमएस ही यंत्रणा हे काम परस्पर करते, पण नव्या कर्नलच्या हेडर फायली नसतील तर तिचेही हात बांधलेले. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवर मान्य डिजिटल सहीही लागते. त्या सहीच्या नोंदणीसाठी रीस्टार्ट होताना निळा पडदा येतो; घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबले की नोंदणी राहून जाते.

पहिली तपासणी सर्वांत सोपी, आणि नेमकी तीच विसरली जाते: बूट मेनूतून जुना कर्नल निवडणे. त्यावर नेट चालले तर कार्ड ठणठणीत आहे, शिवाय हेडर उतरवून घ्यायलाही तेच नेट कामी येते. मग नव्या कर्नलवर ‘एलएसपीसीआय -के’ ही कमांड द्यावी. कार्डाच्या नावाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल, तर ड्रायव्हर कार्डाला जोडलाच गेलेला नाही. ओळ असूनही कार्ड गप्प असेल तर ‘डीमेसेज’चा मजकूर वाचावा, फर्मवेअरची फाईल सापडली नसल्याची तक्रार तिथे दिसते.

कधी ड्रायव्हर ठीक असतो, कार्डाचे नाव तेवढे बदललेले असते. काल ‘ईटीएच०’ असलेले आज ‘ईएनपी३एस०’ होते आणि सेटिंग मात्र जुन्याच नावाने लिहिलेली राहते. दूरच्या सर्व्हरवर हा घोळ झाला तर कोणाला तरी यंत्रासमोर जाऊन बसावे लागते. आकडी पत्त्यावर पिंग पोचतो पण संकेतस्थळाचे नाव टाकून काही उघडत नाही, असे असेल तर दोष डीएनएसच्या बाजूला शोधावा.

कार्ड खरोखर निकामी होण्याचे उदाहरणही आहे. २००८ मध्ये २.६.२७ कर्नलच्या चाचणी आवृत्त्यांनी इंटेलच्या ‘ई१०००ई’ ड्रायव्हरवर चालणाऱ्या काही कार्डांची कायम स्मृतीच बिघडवली. संशय आधी ड्रायव्हरवर गेला. प्रत्यक्षात कर्नलचीच एफट्रेस ही अंतर्गत सोय मोकळ्या झालेल्या मेमरीच्या पत्त्यावर लिहीत होती आणि त्या पत्त्यावर आता कार्डाची स्मृती येऊन बसली होती. २.६.२७.१ मध्ये ती सोय बंद करण्यात आली. बिघडलेली कार्डे मात्र जुना कर्नल लावूनही जागी होईनात.