कार्लोस सांताना : एका गाण्यात तीन देश

रॉक म्हणजे नुसता गोंगाट, असं म्हणणाऱ्यांना मी हमखास सांताना ऐकवतो. जन्म 1947, मेक्सिकोतलं आउत्लान. वडील मारियाची व्हायोलिनवादक, त्यामुळे सुरुवात व्हायोलिननंच. पुढे तिहुआनात ब्लूजचं वेड लागलं आणि हाती गिटार आली.

'अब्राक्सास' (1970) या अल्बममधलं 'ब्लॅक मॅजिक वुमन' घ्या. गाणं इंग्लंडच्या पीटर ग्रीनचं. त्याला शेवटी जोडलेला वेगवान तुकडा, 'जिप्सी क्वीन', हंगेरियन गिटारवादक गाबोर साबोचा. खाली सतत वाजणारे काँगा आणि टिंबाले हे ढोल क्यूबाच्या वळणाचे. सांधा कुठे आहे, ते कानाला कळतही नाही! त्याच अल्बममध्ये न्यूयॉर्कच्या टिटो पुएंतेचा चा-चा-चा 'ओये कोमो वा' आहे. पहिल्या अल्बममधलं 'जिंगो' तर नायजेरियाच्या बाबातुंदे ओलातुंजीचं.

1973मध्ये गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबर 'लव्ह डिव्होशन सरेंडर' हा अल्बम आला. तेव्हा दोघंही आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांचे शिष्य होते. हाच मॅक्लॉफ्लिन पुढे आपल्या तबलावादक झाकीरभाईंबरोबर (झाकीर हुसेन) 'शक्ती' या बँडमध्ये वाजवू लागला.

एवढ्या मिश्रणातही सांतानाचा तो लांबवलेला सूर चटकन ओळखू येतो. नवखे असाल तर 'सांबा पा ती'पासून सुरुवात करा. हेडफोन लावूनच ऐका!