पाऊण वाटी, मुक्कालु वाटी

बऱ्हाणपुरात केळ्यांना तोटा नाही. काळी पडलेली टाकवत नाहीत, म्हणून गेल्या मे महिन्यात मी केक करायला घेतला आणि पाचवीतल्या लेकीला हाताशी घेतलं. तिला अपूर्णांकांचा धसका. तृतीयांश मोठा की पाव, विचारलं की ‘पाव, कारण तिनापेक्षा चार मोठे,’ आणि चूक म्हटलं की डोळ्यांत पाणी.

साखर पाऊण वाटी हवी होती. माझ्याकडे माप पाव वाटीचं. पाव उणा तो पाऊण, मी सांगितलं. ‘कशातून उणा?’ तिला उमजेना. माझी आई तेव्हा बेळगावहून आली होती. ती म्हणाली, ‘मुक्कालु अंद्र मूरु कालु.’ म्हणजे तीन पाव! कन्नडात कालु म्हणजे पाव आणि पायही. आपला पाव तरी कुठला? संस्कृतातला पाद, म्हणजे पायच. लेकीनं तीन मापं घातली, वाटीकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘चौथं घातलं की भरेल. म्हणजे पाव उणाच की गं!’ दोन-दोन भाषांनी मूल गोंधळतं, असं शेजारणी सांगत. मी ते मनावर घेणं सोडलं.

पहिला केक मात्र फसला, माझ्याच हातून. पाव चमच्याऐवजी चमचाभर सोडा पडला. दह्याच्या आंबटाशी सोडा मिळाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्या बुडबुड्यांनी केक फुगतो. आंबट संपलं की उरलेला सोडा तापून धुण्याचा सोडा होतो, चव साबणाची! लेकीनं मग दोन बश्यांत सोडा घेऊन एकीत पाणी, दुसरीत दही घालून पाहिलं. फेस कुठे आला, ते वहीत लिहिलं.

प्रयोग करत विज्ञान शिकवणारा होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम इकडे मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत सुरू झाला होता. २००२ मध्ये सरकारनं तो बंद केला. स्वयंपाकघर कोण बंद करणार?

दुसऱ्या खेपेला दोन सारख्या डब्यांत केक केले. ओव्हन नाही, कुकरच्या तळाशी मीठ, शिट्टी आणि रबर काढलेलं. अज्जीनं एकाचे तीन सारखे तुकडे केले, दुसऱ्याचे चार. ‘याव्दु बेकु?’ कुठला हवा? लेकीनं क्षणभर पाहिलं आणि तिनातला उचलला.