ताप उतरल्यावर मूत्रपिंडाकडे लक्ष द्या

हुपरीसारख्या गावात ताप उतरला की माणूस लगेच उसाला पाणी पाजायला नाहीतर चांदीच्या कामाला लागतो. डेंग्यू, चिकुनगुन्यासारख्या विषाणूजन्य तापात मूत्रपिंडाला इजा झाली असली तरी ती बहुधा दुखत नाही. ती तपासूनच शोधावी लागते.

तापात अंगातील पाणी घटते आणि मूत्रपिंडाला रक्त कमी मिळते. त्यात अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेतल्यास इजा वाढते. चिकुनगुन्यात सांधे महिनोन् महिने दुखतात. २००६ च्या साथीत राज्याने हे अनुभवले आहे. दुकानातून गोळी आणून खाण्याची सवय येथेच महागात पडते.

लघवी कमी होणे, ती चहासारखी दिसणे, फेस टिकून राहणे, डोळ्यांभोवती वा पायांवर सूज येणे, यांपैकी काही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लक्षण नसले तरी, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी, रक्तदाब मोजून लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. एकट्या क्रिएटिनिनवर विसंबू नये. मूत्रपिंडाचे काम बरेच घटल्यावरच ते वाढलेले दिसते. तापात लघवीत प्रथिने तात्पुरतीही उतरतात, म्हणून घाबरू नये. काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. ३ महिन्यांनंतरही ती जात असल्यास मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जावे आणि जुने सर्व अहवाल सोबत न्यावेत.